दुरुस्ती सांगितल्यावर

पुस्तकांची मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांची सजावट चित्रकारांकडून करून घेणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. या कामाने एक गोष्ट पक्की शिकवली. चित्रकार पहिल्या रफवरून ओळखू येत नाही, दुरुस्ती सांगितल्यावर ओळखू येतो. पहिलं रफ बहुतेकांचं चांगलं असतं. मग लेखकाला त्यातला माणूस मोठा हवा असतो, प्रकाशकाला पुस्तकाचं नाव ठळक हवं असतं, विक्री सांभाळणाऱ्याला लाल रंग हवा असतो, आणि या सगळ्या मागण्या एकदमच चित्रकाराकडे जातात. काही जण निमूटपणे सगळं बदलून पाठवतात. काही जण मात्र उलट विचारतात. लाल कशासाठी? नाव ठळक करतो, बाईची आकृतीही थोडी पुढे आणतो, पण उजवीकडची मोकळी जागा भरणार नाही; ती ज्याची वाट बघते आहे तो कादंबरीत शेवटपर्यंत येत नाही, ती जागा त्याची आहे. असं उत्तर आलं की खात्री पटते, की चित्रात जे आहे आणि जे मुद्दाम ठेवलेलं नाही, त्या सगळ्यामागे कोणीतरी उभं आहे. त्याचं म्हणणं दर वेळी बरोबर असतंच असं नाही. कधी लाल मुखपृष्ठच दुकानात उठून दिसतं आणि विक्रीवाल्याचं खरं ठरतं. तरीही ज्याच्याशी वाद घालता येतो तो आणि ज्याच्याशी येत नाही तो, यांच्या चित्रांत फरक असतो. वर्षानुवर्षं हे काम केलं की तो फरक छापलेल्या पानावरही दिसू लागतो.

2022च्या उत्तरार्धापासून या कामाचं स्वरूप बदललं. त्या वर्षी मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही शब्दांवरून चित्रं घडवणारी एआय साधनं सर्वांच्या हाती आली, आणि लेखक मंडळी हस्तलिखितासोबत तयार चित्रंही पाठवू लागली. सुरुवातीला ‘असं काहीतरी हवं’ असा निरोप असे, पुढे ‘हेच वापरा’ असा येऊ लागला. तेव्हापासून एक प्रश्न सतत समोर येतो: यंत्राने केलेली चित्रं खरी कला मानायची का? या वादात एक पक्ष म्हणतो की हात लागला नाही म्हणून ती कला नाही, आणि दुसरा म्हणतो की बघणाऱ्याला भावली म्हणजे कला झाली. मला दोन्ही कसोट्या अपुऱ्या वाटतात. माझी कसोटी या धंद्यातच तयार झालेली आहे: चित्राला दुरुस्ती सांगितली तर कारण देऊन नकार देणारं कोणी त्याच्यामागे आहे का? असेल, तर ते चित्र कोणत्याही साधनाने केलेलं असो, कला असू शकतं. नसेल, तर ते कितीही सुंदर असलं तरी चित्रासारखं दिसणारं उत्पादन आहे. या कसोटीवर आज एआयकडून निघणाऱ्या बहुतेक प्रतिमा उतरत नाहीत. थोड्या मात्र उतरतात, आणि त्या उतरतात हे मान्य करायला कचरू नये.

हाताच्या कसोटीचं आधी बघू, कारण ती लोकांना सर्वांत स्वाभाविक वाटते. महाराष्ट्रात घराघरांत चित्र पोचलं ते छापखान्यातून. राजा रविवर्म्यांनी 1894मध्ये मुंबईत शिळाछपाईचा कारखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणले, आणि पुढे तो कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एका चित्राचे रंग सुटे करून प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार व्हायचा. अंगकांतीच्या एका छटेसाठी अनेक दगडांचे ठसे एकावर एक बसवावे लागत. लोकांच्या भिंतींवर लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींना रविवर्म्यांचा हात लागलेला नव्हता. तरी लक्ष्मी कमळावर उभी का, तिच्या साडीचा काठ कसा, हत्ती कुठे, हे सगळं कोणीतरी ठरवलेलं होतं आणि त्याला कारण होतं. छायाचित्राच्या बाबतीत हाच वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. नेपोलियन सॅरोनी या छायाचित्रकाराने ऑस्कर वाइल्डचा फोटो काढला होता, आणि तो परवानगीशिवाय छापणाऱ्या शिळाछपाई कंपनीचं म्हणणं होतं की कॅमेऱ्याने टिपलेल्या गोष्टीला लेखक कसला? 1884मध्ये न्यायालयाने सॅरोनीच्या बाजूने निकाल दिला. त्यासाठी त्याने कॅमेऱ्याची थोरवी सांगितली नाही. वाइल्डला कसं बसवायचं, मागे पडदा कोणता, कपडे कोणते, उजेड कुठून, चेहऱ्यावर कोणता भाव आणायचा, हे सॅरोनीने ठरवलं होतं, याची न्यायालयाने यादीच केली. हाताचा आग्रह धरणाऱ्यांनी तो निकाल मुळातून वाचावा. साधन कोणतं हा प्रश्न जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच मागे पडला आहे. निर्णय कोणाचे, हा अजून शिल्लक आहे.

आता त्याच प्रश्नाने एआयकडे बघायचं, तर यंत्र काय करतं हे थोडं जवळून पाहावं लागेल. स्टेबल डिफ्यूजनसारखं यंत्र सुरुवात करतं ती निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून. जुन्या टीव्हीवर केंद्र लागलं नाही की दिसायचा तसा. त्या गोंधळातून टप्प्याटप्प्याने ‘नको ते’ काढून टाकत, दिलेल्या शब्दांना जुळेल अशी प्रतिमा ते घडवत जातं. सुरुवातीचा गोंधळ एका आकड्यावर ठरतो, त्याला सीड म्हणतात. शब्द तेच ठेवून नुसता हा आकडा बदलला की बाई डावीकडून उजवीकडे जाते, दुपारची संध्याकाळ होते, खिडकीच्या जागी दार येतं. म्हणजे आकृती कुठे, रिकामी जागा कुठे, नजर कोणत्या दिशेला, हे चित्राचे मूळ निर्णय पुष्कळदा त्या आकड्यातून आलेले असतात आणि तो आकडा कोणी विचार करून निवडलेला नसतो. म्हणूनच अशा प्रतिमेला दुरुस्ती सांगितली की विचित्र अनुभव येतो. ‘बाकी सगळं ठेवा, फक्त कंदील काढा’ असं म्हटलं की कंदील जातो आणि त्याच्यासोबत चेहराही बदलतो, किंवा भिंतीचा रंग. कंदील तिथे कशासाठी होता हे कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे तो गेल्यावर काय बिघडलं हेही सांगता येत नाही. चित्रकाराच्या चित्रात कंदील काढला तर सावल्या पुन्हा मांडाव्या लागतात आणि तो कुरकुरतो. त्या कुरकुरीत चित्राची सगळी रचना उघडी होते.

यावर तंत्राची माहिती असलेले लोक लगेच हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. नव्या साधनांत प्रतिमेचा हवा तेवढाच भाग बदलता येतो, आकृतीची ठेवण आधी रेखाटून देता येते, सीड कायम राखता येतो. हे सगळं खरं आहे. पण यातून माझा मुद्दा ढासळत नाही. जो माणूस या साधनांनी एकेक भाग अडवून धरतो, इथली सावली हवीच आणि तिथला हात नकोच असं म्हणतो, तो हळूहळू चित्रकाराच्या जागी येऊन बसतो. किती वेळा बटण दाबलं यावर मात्र हे ठरत नाही. 2022मध्ये कोलोरॅडो राज्याच्या जत्रेतल्या स्पर्धेत डिजिटल कलेच्या गटात पहिलं बक्षीस मिळालं ते जेसन ॲलन यांनी मिडजर्नीवर केलेल्या प्रतिमेला. त्यासाठी किमान 624 वेळा सूचना बदलून दिल्या, असं त्यांनी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला सांगितलं. कार्यालयाने यंत्राने घडवलेला भाग वगळून नोंदणीचा अर्ज करायला सुचवलं, त्यांनी ते नाकारलं, आणि सप्टेंबर 2023मध्ये नोंदणीही नाकारली गेली. 624 हा आकडा मेहनत दाखवतो, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की नाकारलेल्या शेकडो प्रतिमांपैकी प्रत्येकीत काय खटकलं हे सांगता येतं का? येत असेल तर ती निवड आहे. ‘हवं तसं येईपर्यंत चालू ठेवलं’ एवढंच उत्तर असेल, तर ती वाट बघणं झालं. जानेवारी 2025च्या अहवालात त्या कार्यालयाने म्हटलं की केवळ लेखी सूचना देणं हे लेखकत्वाला पुरेसं नाही, पण माणसाने केलेली मांडणी आणि बदल यांना संरक्षण मिळू शकतं. चीनमध्ये बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने नोव्हेंबर 2023मध्ये मात्र सूचना आणि मापं ठरवण्यातच माणसाची बुद्धी आणि निवड दिसते असं मानून एआय प्रतिमेला हक्क दिला. निकाल उलटे आहेत, तरी दोन्हीकडे शोध एकाच गोष्टीचा चालला आहे, आणि मला तो योग्य वाटतो.

एआयने कला होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्यांपुढे मी 2018 सालच्या दोन कृती ठेवेन. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ‘एडमंड डी बेलामी’ या कल्पित माणसाचं पुसट व्यक्तिचित्र 4,32,500 डॉलरला गेलं. अपेक्षित किंमत होती 7 ते 10 हजार डॉलर. ऑब्व्हियस या फ्रेंच गटाने 14व्या ते 20व्या शतकातली हजारो व्यक्तिचित्रं यंत्राला दाखवली होती, वापरलेल्या प्रणालीचा मोठा भाग दुसऱ्याच एका तरुण कलाकाराने खुला करून ठेवलेला होता, आणि सहीच्या जागी एक गणिती सूत्र छापलेलं होतं. हा चेहरा असाच का, नाक पुसट का, आकृती वरच्या कोपऱ्याकडे का सरकली, याला यंत्रातून तसं आलं यापलीकडे उत्तर नव्हतं. त्याच वर्षी ॲना रिडलर या ब्रिटिश कलावतीने नेदरलँड्समध्ये ट्यूलिपच्या मोसमात स्वतः 10 हजार फुलांचे फोटो काढले आणि प्रत्येकाखाली रंग, पाकळी, उमलण्याची अवस्था अशा नोंदी हाताने केल्या. त्यांवर शिकवलेल्या यंत्राकडून तिने ट्यूलिपची चलत्-चित्रं करून घेतली आणि फुलांवरच्या पट्ट्यांचं कमी-जास्त होणं बिटकॉइनच्या भावाला जोडलं. ते पट्टेच का? कारण 1630च्या दशकात हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कंदांवर जो बेफाम सट्टा झाला, त्यात सर्वांत महाग गेली ती पट्टेदार फुलं, आणि ते पट्टे एका विषाणूमुळे पडत होते. कृतीचं नावही तिने त्या विषाणूवरून ठेवलं. यातला एकही पट्टा कोणी काढून टाकायला सांगितला, तर ती कलावती नकार देईल आणि नकाराचं कारण देईल. यंत्राचा प्रकार दोन्हीकडे जवळपास सारखा होता. हॅरॉल्ड कोहेन या चित्रकाराने तर 1970च्या दशकापासून 2016मध्ये मृत्यू येईपर्यंत आरॉन नावाच्या स्वतः लिहिलेल्या प्रणालीकडून चित्रं काढून घेतली. रेषा कुठे वळायची याचे नियम त्याचेच होते. कोहेन किंवा रिडलर यांना कलावंत म्हणायला मला जराही अडचण वाटत नाही.

एक हरकत माझ्याच धंद्यातून येते. मुखपृष्ठकार तरी कुठे स्वतंत्र असतो? प्रकाशक सांगेल ते करतो, मोबदला घेतो, मोकळा होतो. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या चित्रकारांनीही मागणीप्रमाणेच चित्रं केली, दिवाळी अंक खपावा म्हणून केली. हे सगळं कबूल. पण मागणी आणि चित्र यांच्यामध्ये दलाल उभे होते. ‘दिवाळीसाठी सुंदर स्त्री काढा’ ही मागणी दोघांकडेही गेली असेल, पण दलालांची स्त्री मुळगावकरांच्या स्त्रीपासून मराठी वाचक लांबूनच वेगळी ओळखत असे. एकाची रेषा लयीत वाहणारी, दुसऱ्याची कांती एअरब्रशने मऊ उतरलेली. मागणीने जे सांगितलं नव्हतं ते प्रत्येकाने आपलं म्हणून भरलं, आणि आयुष्यभर तेच धरून ठेवलं. यंत्रही न सांगितलेलं भरतं, पण ते भरतं सर्वाधिक आढळणाऱ्या गोष्टीने. नऊवारीतली मराठी बाई मागितली तर निऱ्या पायघोळ खाली उतरतात आणि कासोट्याचा पत्ता नसतो. नथ कधी उजव्या नाकपुडीत, कधी दोन्हीकडे. शेतकऱ्याच्या डोक्यावर राजस्थानी पगडी बसते आणि दुष्काळ म्हटला की तीच ती भेगाळलेली जमीन. या चुका सुधारतील, काही सुधारल्याही आहेत. पूर्वी देवनागरी मागितली तर शिरोरेषेला लटकलेल्या अर्थहीन काड्या यायच्या, आता अक्षरं पुष्कळदा वाचता येतात. म्हणून मी माझं म्हणणं या चुकांवर उभं करत नाही. कासोटा बिनचूक घातलेली बाईसुद्धा तिथे का उभी आहे, हे सांगणारं कोणी नसेल तर माझा आक्षेप तसाच राहतो.

‘सगळे चित्रकार दुसऱ्यांचं बघूनच शिकतात, मग यंत्र शिकलं तर चोरी कशी?’ ही हरकत सर्वांत जास्त ऐकू येते. शिकणारा माणूस ऋण सांगू शकतो. अमुकाकडून उजेड घेतला, तमुकाची मांडणी सोडली, असं जे. जे. कला महाविद्यालयातला कोणताही विद्यार्थी सांगेल, आणि सोडण्यामागचं कारणही सांगेल. स्टेबल डिफ्यूजनला शिकवायला वापरलेली प्रतिमांची यादी ज्या संग्रहातून आली, त्यात इंटरनेटवरून गोळा केलेल्या 5 अब्जांहून अधिक चित्र-मजकूर जोड्या होत्या. ज्यांची चित्रं त्यात गेली त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि 2023च्या जानेवारीपासून काही चित्रकार त्यावर अमेरिकेत न्यायालयात भांडत आहेत. पैशाचा आणि हक्काचा प्रश्न न्यायालयं सोडवतील. कलेच्या बाजूने काय हरवतं ते वारली चित्रात स्वच्छ दिसतं. यंत्राला ‘वारली शैली’ मागितली की गेरूच्या रंगावर पांढऱ्या त्रिकोणी माणसांचं वेटोळं मिळतं, पहिल्या नजरेला झकास. जवळ जाऊन बघावं तर वेटोळ्यातली काही माणसं बाहेर तोंड करून नाचत असतात, आणि तारपा वाजवणारा एक तर नसतो, नाहीतर कडेला बासरीसारखं काहीतरी धरून उभा असतो. तारपानृत्यात वाजवणारा वळला की सगळी रांग त्याच्यामागे वळते आणि त्याच्याकडे पाठ फिरवायची नसते. वेटोळं तयार होतं ते त्याच्यामुळे. लग्नाच्या चौकात सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघाट देवी काढतात, ती सजावट नसते. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, विषय वाढवले, 2011मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण कोणती आकृती कशासाठी हे त्यांना ठाऊक होतं म्हणून ते बदलही वारलीच राहिले. कारण सोडून नुसतं रूप उचललं की ‘शैली’ उरते. मार्च 2025मध्ये घरोघरचे फोटो जपानच्या जिब्ली स्टुडिओच्या धाटणीत बदलून घेण्याची लाट आली, तेव्हाही हेच घडलं. लोकांना आनंद मिळाला, तो खोटा नव्हता. फक्त त्या लाखो प्रतिमांतल्या कोणत्याही रेषेबद्दल कोणाचंही काही म्हणणं नव्हतं.

शेवटची हरकत वाचकाच्या बाजूची आहे आणि मला ती सर्वांत वजनदार वाटते. वाचकाला दुरुस्तीचं टेबल दिसत नाही. त्याच्या हातात छापलेलं पुस्तक येतं. आत कारण होतं की आकडा होता, त्याला काय कळणार? पहिल्या नजरेत खरोखरच कळत नाही. परीक्षकांनाही कळत नाही: 2023मध्ये बोरिस एल्डागसेन यांनी एआय प्रतिमा पाठवून सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत एका गटाचं बक्षीस मिळवलं आणि मग स्वतःच ते नाकारलं. पण मुखपृष्ठ एका नजरेसाठी नसतं. ते पुस्तकासोबत घरात राहतं, वाचताना मध्येच मिटून पुन्हा बघितलं जातं. कादंबरी संपवून वाचक मुखपृष्ठाकडे परततो, तेव्हा उजवीकडची ती मोकळी जागा त्याला अचानक कळते. यंत्राच्या प्रतिमेकडे असं परतावं तर तिच्यात नवं काही सापडत नाही, कारण कोणी ठेवलेलंच नसतं. एवढ्या वर्षांत वाचकांची जी पत्रं आली त्यांत मुखपृष्ठाबद्दल लिहिणारे थोडे होते, पण जे होते ते बहुतेक सगळे अशाच एखाद्या तपशिलाबद्दल लिहीत.

आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाने तयार झालेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती, अशी तरतूद आहे. आजच्या एआयच्या कितीतरी आधी ती लिहिली गेली, तरी रोख योग्य आहे: यंत्राला लेखक म्हणायचं नाही, घडवून आणणाऱ्या माणसाला शोधायचं. प्रकाशकांनी आणि संपादकांनी हे न्यायालयांची वाट न बघता करता येण्यासारखं आहे. श्रेयाच्या पानावर मुखपृष्ठकाराचं नाव छापावं, एआय वापरलं असेल तर तेही छापावं, आणि ज्याचं नाव छापलं त्याने ‘हे असं का?’ याचं उत्तर द्यायला तयार असावं. उत्तर देणाऱ्याने यंत्र वापरलं असेल तरी त्याला चित्रकाराचा पूर्ण मोबदला द्यावा. वाचकांनाही एक विनंती आहे. यंदा दिवाळी अंक हातात घ्याल तेव्हा अनुक्रमणिकेच्या पानावर मुखपृष्ठ कोणाचं ते बघा, आणि नाव नसेल तर संपादकांना पत्र लिहून विचारा.